चौथं पाकीट आणि तुरीचा डबा

किन्हीराजा,
बुधवार, दुपारी तीन

प्रिय रत्नमालाताई हिला,

प्रभूच्या दयेने अजून अंगात श्वास आणि डोक्यावर पदर शिल्लक असलेल्या धाकट्या अंजनाचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? नसेल गेला तर अडुळशाचा काढा दे, बाटलीतल्या औषधात निम्मी साखर असते आणि पैसे मात्र पूर्ण औषधाचे घेतात. शेळी व्यायली असेल, किती पिल्लं झाली ते लिही. इकडे सपना वाशिमला होस्टेलवर बरी आहे. यांची तब्येतही (त्यांच्या मते) ठणठणीत आहे, फक्त उठता-बसता कमरेच्या डाव्या बाजूला हात जातो आणि विचारलं की "सवय हाय" म्हणतात. मी कशी आहे ते हे पत्र संपलं की तूच सांग.

तू लिहिलंस की जऊळक्याच्या बायकांना माझी पैशाची पद्धत शिकवायची आहे, तर सविस्तर कळव. कळवते. पण त्या पद्धतीचं गेल्या रविवारी भर मंडळीत काय झालं तेही कळवते, म्हणजे शिकवायची की नाही ते तुझं तू ठरव. पद्धत सोपी आहे. यांचा पगार (कृषी सेवा केंद्राचे अकरा हजार) आणि माझे साड्यांच्या फॉल-पिकोचे पैसे हातात आले की आधी प्रार्थना करायची आणि मग तीन पाकिटं काढायची. पहिलं 'देवाचं'. त्यात दहावा हिस्सा, आणि तो अगोदर, भाजीपाला आणून उरलं तर नव्हे. दुसरं 'उद्याचं', त्याला आज हात लावायचा नाही. तिसरं 'घराचं', ते संपलं की महिना संपेपर्यंत बेसन. पाकिटं विकत आणायची नाहीत, लग्नपत्रिकांची उलटून चिकटवायची (आतून सगळ्या धर्मांची पाकिटं कोरीच असतात). आणि प्रत्येक पाकिटावर आत किती आहेत, कशासाठी आहेत, कोणी हात लावायचा नाही, हे स्वच्छ अक्षरात लिहायचं. ही शेवटची सूचना मात्र बायकांना देऊ नकोस. का, ते पुढे येतंच.

तर झालं असं. आमचे पास्टर सेवादास यांनी तीन आठवड्यांपूर्वी मला विचारलं की हंगामाच्या सणाअगोदरच्या रविवारी तुम्ही पैशाच्या चांगल्या सवयींवर साक्ष द्याल का. मी दहावी पास, लग्नापासूनच्या बावीस वह्या माझ्याकडे जपलेल्या, आणि मालेगावच्या आमच्या मंडळीत इतका हिशोब दुसरं कोणी ठेवत नाही, हे मला माहीत होतं (गर्व पाप आहे, हेही माहीत होतं, पण ते त्या दिवशी जरा मागच्या बाकावर बसलं). मी पाऊण तास बोलले. म्हटलं, देवाला उरलंसुरलं देऊ नका, डब्यातलं पहिलं द्या, चांगलं द्या. खिशात नाही ते खर्चू नका. दुसऱ्याची वस्तू घरी आली तर चोवीस तासांत परत करा. आणि नवरा-बायकोत पैशाची चोरी नको, वही उघडी असली की घर उघडं राहतं. बायका माना डोलावत होत्या. हे पुरुषांच्या बाजूला बसून डोळे पुसत होते. एवढ्यात हेमलाबाई उठली. तुला हेमला आठवते ना, पिठाच्या गिरणीवाली, जिला प्रत्येक उपासनेत एक प्रश्न पडतो. म्हणाली, "अंजनाबाई, सगळं पटलं. पन बाईमानसाचं एक चोरपाकीट राह्यतेच. तुमचं किती हाय, तेवढं सांगा."

सगळे हसले. बायबल ठेवतात त्या वचनाच्या मेजावर हात ठेवून मी उभी होते. तोच हात तसाच ठेवून म्हणाले, "आमच्या घरात तीनच पाकिटं हायत."

ताई, चौथं होतं.

आता तू मला बोलशील, त्याआधी ऐकून घे. सपनाचं मागचं वर्ष का बुडालं ते तुला ठाऊक आहे. नर्सिंगची फी 'उद्याचं' पाकिटात भरून ठेवली होती, आणि फी भरायच्या चार दिवस आधी कामावरच्या सोबत्याच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं, यांनी पाकीटच उचलून दिलं. म्हातारी वाचली, देवाची स्तुती असो. (माझ्याकडे येऊन दोनदा चहाही पिऊन गेली.) पोरगी मात्र वर्षभर घरी बसून माझ्याबरोबर फॉल लावत होती आणि एका शब्दाने बापाला बोलली नाही, ते मला जास्त लागलं. हे वाईट नाहीत गं. यांच्या हाताला बोटं आहेत पण मूठ नाही. आणि बँकेत ठेवावं तर खातं दोघांचं, पैसे जमा झाले की संदेश यांच्या फोनवर वाजतो, आणि आता फोनवरूनच पैसे पाठवता येतात म्हटल्यावर यांना दानाला बसल्या जागेवरून उठावंही लागत नाही. म्हणून या वर्षी मी पिकोच्या पैशातून (दशांश आधी काढून, ते मात्र लिही) अठरा हजार पाचशे वेगळे जमवले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तू जानेवारीत पाठवलेल्या तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवले. पंधरा किलो डाळीखाली (सणापर्यंत दहा उरली होती). हे स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा मला विचारून येतात. याहून सुरक्षित जागा मला तरी दिसली नाही. सपनाची राहिलेली फी भरायची शेवटची तारीख होती परवाचा सोमवार. नाही भरली तर परीक्षेला बसू देणार नव्हते, म्हणजे दुसरंही वर्ष गेलं.

आणि हंगामाचा सण होता सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी.

आमच्याकडचा सण तू पाहिला आहेस. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं, उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव, आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला. या वर्षीचं काम म्हणजे कंपाउंडची भिंत. तिला वीस हजार कमी पडत होते, हा आकडा पास्टरांनी फळ्यावर खडूने लिहून ठेवला होता. मी आपली दोन किलो हरभऱ्याची पिशवी दारापाशी काढून ठेवली आणि वेणी घालायला आत गेले. बाहेर येते तर हे पुढे गेलेले, काळीपिवळीत जागा धरायला. पिशवी दारापाशीच. मला वाटलं, विसरले, म्हणून पिशवी घेऊन मी मागून दुसऱ्या गाडीने गेले, प्रार्थनाघरात शिरले, आणि वेदीपुढे, कोहळ्याच्या आणि केळीच्या घडाच्या मधोमध, झेंडूचा हार घातलेला माझा डबा दिसला.

तोच. झाकणावर पोचा आलेला. हे पहिल्या बाकावरून माझ्याकडे वळून असे हसले की जणू माझ्या वाढदिवसाचं सोनं आणलं आहे. खुणेनेच सांगितलं, डब्यातलं पहिलं, चांगलं. माझंच वाक्य मला हार घालून परत दिलं होतं. (आणि दहा किलोचा डबा, तोही या कमरेने, स्वतः उचलून!)

पुढचा दीड तास मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. तीन गीतं झाली, मी ओठ हलवले. पास्टरांनी एकेका वस्तूवर हात ठेवून आशीर्वाद मागितला, डब्यावर जरा जास्तच वेळ हात ठेवला. मी डोळे मिटून हिशोब करत होते. उठून सांगावं, तर मागच्याच रविवारी त्याच मेजावर हात ठेवून खोटं बोललेली मी. प्रेषितांच्या काळी जमीन विकून निम्मा पैसा मागे ठेवणारं ते जोडपं खोटं बोललं आणि जागच्या जागी पडून मेलं, हे आपल्याला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, आठवतं? त्या जोडप्यात निदान दोघं सामील होती. मी एकटीच होते. मी बाकाच्या कडेला सरकून बसले, पडलेच तर हेमलाच्या अंगावर पडू नये म्हणून. शेवटी एकच वाट दिसली, डबा आपणच बोलीत सोडवायचा. पर्समध्ये 'घराचं' पाकीट होतं, दोन हजार दीडशे रुपये, महिनाअखेरपर्यंतचे. दहा किलो डाळीला बाजारात बारा-तेराशे पडतात. मी म्हटलं, प्रभू, बेसन खाऊ, पण डबा मिळू दे.

लिलाव हेच करतात, आवाजामुळे. डावा हात कमरेवर, उजव्यात माईक. कोहळा तीनशेला गेला, एक अंडं शंभराला (लहान लेकराने आणलं होतं). मग डबा वर आला. "घरची तूरडाळ, जऊळक्याची! बोला!" उदयसिंग काका म्हणाले पाचशे. तू काकांना ओळखत नाहीस. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, पेन्शन चांगली, वरणाशिवाय घास उतरत नाही. मी म्हटलं सहाशे.

यांनी माईक खाली घेतला. "अवं, ते आपलीच हाय."

"मालूम हाय. सहाशे."

आणि इथे ताई माझं नशीब फिरलं. आमच्या मंडळीत अशी रीत आहे की देणाऱ्याच्याच घरचं माणूस बोली लावायला लागलं तर ते भाव तापवायला. देवाच्या कामाला दोन पैसे जास्त यावेत म्हणून. मी हे विसरलेच होते. लोकांना मात्र ते लगेच समजलं. टाळ्या पडल्या. पास्टर म्हणाले, "पाहा, बहिणीनं मागच्या रविवारी सांगतलं, आज करून दाखवून राह्यली." उदयसिंग काकांना चेव चढला. आठशे. हजार. मी बाराशे म्हटलं की ते पंधराशे, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून मान हलवायचे, म्हणजे, ताणा बाई, मी हाय. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, त्यांना वाटलं अजून अजून. एकवीसशेला माझं पाकीट संपलं. ते बावीसशे. मी तेवीसशे म्हटलं. खिशात नाही ते खर्चू नका, हे सांगणारी बाई मीच. अठ्ठावीसशेपर्यंत मी नसलेल्या पैशांनी बोलले. त्यांनी तीन हजार म्हटलं तेव्हा मी पर्स मिटली. हे म्हणाले एक, दोन, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की यांचा आवाज जरा लहान असता तर बरं झालं असतं. तीन.

तरी मी धीर सोडला नाही. काकांना फाटकापाशी एकटं गाठायचं, पाया पडायचं, असं ठरवून मी दोन पावलं टाकली, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचं उपरणं जमिनीवर अंथरलं आणि डबा उचलला. मी धावलेच. म्हटलं, काका, घरी नेऊन रिकामा करा, डब्याची काही घाई नाही.

"नाही बाई. तुमीनच सांगतलं, दुसऱ्याची वस्तू चोवीस तासात वापस. मी चोवीस मिनटात देतो."

आणि उपडा केला. तुझी पिवळीधम्मक डाळ, तिचा ढीग, आणि ढिगाच्या माथ्यावर माझं पाकीट.

काकांनी ते जपून उचललं, वर-खाली पाहिलं आणि प्रामाणिक माणूस म्हणून सरळ पास्टरांच्या हातात दिलं. पास्टरांनी चष्मा लावला. त्यांना छापील असो की हाताने लिहिलेलं असो, मोठ्याने वाचायची सवय आहे, आणि माईक जवळच होता. "सपनाची फी. अठरा हजार पाचशे फक्त. कोणीही हात लावू नये." इथे ते थांबले. मी म्हटलं, प्रभू, एवढ्यावर थांबव. पण खाली अजून एक ओळ होती, आणि माझं अक्षर फार स्वच्छ आहे. "यांना सांगू नये."

यांना म्हणजे कोणाला, हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही समजलं. सगळं अंगण यांच्याकडे वळलं. मी तेवढ्यात हळूच पायाची बोटं हलवून पाहिली. हलत होती. मेले नव्हते. त्या क्षणी त्याचं दुःखच झालं.

पुढच्या बोलीची कोंबडी टोपल्याखाली कुरकुरत होती. मग हेमलाबाई म्हणाली (हळूच म्हणाली, पण तिचा हळू आवाजही गिरणीच्या वर चढणारा), "वेदीवर ठेवलं तं देवाचं झालं नं बापा. पास्टरनं हात ठेवून प्रार्थना केली त्याच्यावर." दोघा-चौघांनी मान हलवली. मी फळ्याकडे पाहिलं. वीस हजार. पास्टरही फळ्याकडे पाहत होते, आणि पाहताना आपल्याला कोणी पाहू नये असंही पाहत होते. ते म्हणाले, "रविकांतभाऊ, अर्पन तुमचं हाय. तुमी म्हनाल तसं."

ताई, ज्याच्यापासून वर्षभर लपवलं, त्याच्याच हातात ते पाकीट आलं, आणि समोर अख्खी मंडळी. हा माणूस आयुष्यात कोणाला नाही म्हणालेला नाही. बसमध्ये शेंगदाणेवाल्यालाही नाही म्हणता येत नाही म्हणून हे झोपेचं सोंग घेतात. मला सपना दिसायला लागली, मशीनपाशी मान खाली घालून बसलेली. यांनी पाकीट एकदा स्वतः वाचलं, शेवटची ओळ दोनदा वाचली असावी. मग माईक तोंडाशी नेला, पण आवाज लिलावाचा नव्हता.

"डबा मिनं देला. डाळ मिनं देली. हे मिनं देलं नाही, मले हे मालूमच नव्हतं. जे मायं नाही, ते मी देवाले कसं देऊ? मागच्या साली तसं एकडाव देलं होतं. ते पोरीचं होतं."

एवढंच. पाकीट माझ्या हातात दिलं, माझ्याकडे न पाहता, आणि टोपलं उचलून म्हणाले, कोंबडी, गावरान, बोला. पास्टरांनी फळ्यावरचं पुसून नवीन आकडा लिहिला, सोळा हजार सहाशे. उदयसिंग काका डाळीला गाठ मारता मारता मला म्हणाले, "बाई, मले वाटलं तुमी तापवून राह्यल्या. मी तं पेन्शन उडवलं नं व तुमच्या भरोशावर!"

परतीच्या गाडीत हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मी मागे. उतरल्यावर मी मेजावरच्या खोट्याबद्दल माफी मागितली, देवाची गाडीतच मागून झाली होती. हे चालत राहिले. घराच्या वळणावर थांबून एकच विचारलं.

"'सांगू नये' हे कोनासाठी लिवलं होतं? पाकीट तं मले सांगनार नव्हतं."

मी आजवर खूप हिशोब जुळवले, पण याचं उत्तर मला तिथे रस्त्यावर उभं राहून शोधावं लागलं. ते मी माझ्यासाठीच लिहिलं होतं. रोज डाळ काढताना सांगून टाकावंसं वाटायचं, म्हणून. हे मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचत बसले. दोन ठिकाणी बेरीज चुकलेली सापडली, ती मला दाखवताना किंचित हसले. सोमवारी आम्ही दोघं वाशिमला जाऊन फी भरून आलो. नोटांना डाळीची पूड लागलेली, मोजणाऱ्या कारकुनाला तीन शिंका आल्या. पावती वहीत चिकटवली आहे. सपना पावतीवर आमची दोघांची नावं पाहून एवढंच म्हणाली, पप्पाही आले.

येत्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहून मागची साक्ष दुरुस्त करणार आहे. तू बायकांना पद्धत शिकव, तीन पाकिटांची, आणि सांग की चौथं करावंसं वाटलं तर ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याशी आधी भांडून घ्या, स्वस्त पडतं. आता आमच्या घरात एकही चोरपाकीट नाही. (आमच्या घरात, असं लिहिलं आहे. नीट वाच.) भाऊजींना सलाम, पिल्लांना पापा.

तुझीच,
अंजना

ता.क. डाळ संपली हे तुला समजलंच. पुढच्या तुरीपर्यंत थांबते, पाठवू नकोस. पाठवलीसच तर उदयसिंग काकांसाठी थोडी वेगळी दे.

दुसरा ता.क. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. तुझ्या शिलाई मशीनच्या खणात मी दिवाळीत ठेवलेलं पाचवं पाकीट. सात हजार. यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचे. दुसऱ्याच्या दवाखान्याला हा माणूस पाकीट उचलून देतो आणि स्वतःच्या दुखण्याला 'सवय' म्हणतो, म्हणून ते जिल्ह्यातच पण घराबाहेर ठेवले होते. सोमवारपासून तीनदा सांगायला गेले, तीनदा चहा करून परत आले. तू रविवारी ये आणि यांच्यासमोर ते मेजावर ठेव. त्याच्यावरची 'यांना सांगू नये' ही ओळ खोडू नकोस, आहे तशी दिसू दे.

तिसरा ता.क. पत्र पोस्टात टाकायला यांच्याकडेच देत आहे. डिंकाची बाटली भरलेली आहे, पण पाकीट चिकटवलेलं नाही.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

ताई, सलाम. पाकीट उघडंच होतं, पन मिनं काही वाचलं नाही. रविवारी सात हजार घेऊन या. डॉक्टरची तारीख घेऊन ठेवतो. रविवारी अंगनातच राह्यलेला रिकामा डबा उदयसिंगनं आनून देला, तो अंजनानंच उचलून आत नेला, मले हात लावू देला नाही. — रविकांत